लाडवातली सालममिश्री, रानातला अमरकंद

ऑर्किड म्हटलं की बुकेमधली, लवकर न सुकणारी जांभळी फुलं आठवतात. महागाव-उमरखेडकडच्या उन्हात ती कुठली उगवायला! पण विदर्भातल्या सागाच्या, पानगळीच्या रानात एक ऑर्किड चक्क जमिनीत उगवतं. त्याचं नाव अमरकंद. वनस्पतिशास्त्रात युलोफिया.

उन्हाळ्यात त्याचा मागमूसही नसतो. पावसाला सुरुवात झाली, की पालापाचोळ्यातून फुलांचा सरळ दांडा वर येतो. पानं लांबट, घड्या घातल्यासारखी. पावसाळा सरला की तीही वाळतात आणि झाड पुन्हा मातीखालच्या कंदात जाऊन बसतं.

हा कंदच त्याच्या जिवावर उठलाय. आदिवासी बायका तो पूर्वापार खणून आणतात, शिजवून खातात, औषधालाही वापरतात. त्यानं फारसं बिघडत नव्हतं. पण बाजारात तो ‘ताकदीचा’ म्हणून खपतो. आपण थंडीच्या लाडवांत, पाकांत हौसेनं सालममिश्री घालतो ना, तीही ऑर्किडचाच कंद! अस्सल सालमपंजा हिमालयातला, हाताच्या पंजासारखा. अतिखोदाईनं तो दुर्मिळ झाला, आणि त्याच्या जागी युलोफियाचे कंदही वापरले जातात. या कंदांच्या ताकदीची ख्याती मुळात त्यांच्या आकारावरून पडली. ‘ऑर्किड’ हा शब्दच ग्रीक भाषेत पुरुषाच्या वृषणाचा! एवढ्यावरून केवढा व्यापार, बघा.

बरं, बी पेरून तो सहज वाढेल म्हणावं, तर तेही नाही. एका बोंडात हजारो बिया असतात, पण धुळीसारख्या. गव्हाच्या दाण्यात जसा रोपाचा शिधा असतो, तसा यांच्यात नसतोच. मातीतली ठरावीक बुरशी भेटली, तिनं पोसलं, तरच बी रुजतं. पुढे फूल यायला काही वर्षं जातात. म्हणून रानातून उपटून कुंडीत लावायचा मोह नकोच. ती बुरशी कुंडीत येईलच असं नाही.

कंद खणून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला दोष द्यायला मी तयार नाही. तिच्या हाती पडतं ते किती! पण खणायचंच तर बोंडं फुटून बी उडाल्यावर खणावं, आणि कंदांच्या माळेतला नवा, डोळा असलेला कंद तिथंच पुरून ठेवावा. पुढच्या पावसात तो पुन्हा फुटतो. आणि आपण? लाडवाला डिंक, खारीक, मेथी पुरे आहे की.