अर्ध्या तोळ्याचं पोलाद

विस्कॉन्सिनमध्ये सप्टेंबरच्या मध्याला धनुष्याने हरणं मारायचा हंगाम उघडतो. त्याआधीचा आठवडाभर माझा शेजारी रोज संध्याकाळी गराजमध्ये काटा मांडून बसतो. सोनाराकडे असतो तसाच, काचेच्या झाकणाचा. तीन ब्रॉडहेडचं, म्हणजे धारदार पात्यांच्या बाणफाळांचं, पाकीट चाळीस-पन्नास डॉलरला येतं आणि प्रत्येकाचं वजन १०० ग्रेन असल्याचं वर छापलेलं असतं. त्याच्या काट्यावर एक १००.२ भरलं, दुसरं ९९.६, तिसरं १०१.८. तिसरं सरावाच्या डबीत गेलं. बाकीच्या दोघांचं वजन वहीत उतरलं. मी शाकाहारी माणूस, माझं तिथे काम काहीच नाही. चहाचा कप घेऊन उभा असतो.

ग्रेन हे माप ऐकायला परकं वाटतं, पण ते आपल्या सराफकट्ट्यावरच होतं. कंपनी सरकारने १८३३ साली तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे हा फाळ अर्ध्या तोळ्याहून जरासा जास्त, ५३ गुंजांचा. ग्रॅममध्ये साडेसहा. पाच रुपयांचं नाणं हातावर ठेवा, साधारण तेवढंच.

आता या फाळामागे जोर किती असतो ते बघू. कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या, धनुष्यातून सुटणारा बाण फाळासकट ४०० ग्रेनचा, म्हणजे सव्वीस ग्रॅमचा धरला आणि वेग सेकंदाला २८० फूट, तर ताशी ३०७ किलोमीटर झाले. ऐकायला जबर. पण गतिज ऊर्जा काढली की भरते फक्त ९४ ज्यूल. दहा किलोचं तांदळाचं पोतं जमिनीवरून कमरेपर्यंत उचलायला जेवढी लागते तेवढीच. मध्यमगती गोलंदाजाने ताशी १२५ किलोमीटरने टाकलेल्या चेंडूत ९६ ज्यूल असतात. तो चेंडू मांडीवर बसला तर माणूस दोन मिनिटं लंगडतो, शिव्या घालतो आणि पुन्हा गार्ड घेतो. तेवढ्याच ऊर्जेचा बाण सत्तर किलोच्या हरणाच्या या बरगडीतून शिरून त्या बरगडीतून बाहेर पडतो आणि पलीकडच्या मातीत रुततो. हरणांसाठी तिथे नेहमी वापरतात त्या .३०-०६ रायफलच्या गोळीत याच्या चाळीस पट ऊर्जा असते. गोळीला धक्का देऊन मोडतोड करणं परवडतं. बाणाला ते परवडत नाही, त्याने फक्त कापायचं.

कापण्याचं गणित धारेच्या जाडीत आहे. ९४ ज्यूल अर्ध्या मीटरच्या वाटेवर खर्च झाले असं धरलं तर सरासरी जोर १९ किलो वजनाएवढा येतो. आता धारेची कड एक मायक्रॉन जाडीची आणि सगळ्या धारांची मिळून लांबी पन्नास मिलिमीटर समजा. तो १९ किलोंचा भार ज्या जागेवर टेकतो तिचं क्षेत्रफळ होतं एका चौरस मिलिमीटरचा विसावा भाग. दाब येतो वातावरणाच्या ३७-३८ हजार पट. पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेच्या तळाशी सुमारे ११०० पट असतो. हिशोब ढोबळ आहे, कातडी नि मांस काही गणिताच्या वहीप्रमाणे वागत नाहीत. पण तीच धार बोथट होऊन पन्नास मायक्रॉनची झाली, म्हणजे कागदाच्या अर्ध्या जाडीची, तर दाब पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही धारा सारख्याच दिसतात. म्हणून शेजारी डोळ्यांवर विसंबत नाही. दोन खिळ्यांमध्ये रबरबँड ताणतो आणि पातं त्यावरून हलकेच ओढतो. रबर आधी वाकलं आणि मग तुटलं, तर पातं नापास.

ब्रॉडहेड कुठलं घ्यावं यावर तिकडे भांडणं होतात, आणि दोन्ही बाजू या ९४ ज्यूलच्या जमाखर्चावरच भांडत असतात. पक्क्या दोन पात्यांच्या अरुंद फाळाचा काप साधारण २७ मिलिमीटरचा. तीन पात्यांच्या सव्वा इंचाला थोड्या कमी फाळाचे तिन्ही काप मिळून ४३. आणि ज्याची पाती उडताना मिटलेली असतात व अंगाला लागल्यावर उघडतात, तो दोन इंची मेकॅनिकल फाळ कापतो ५१ मिलिमीटर. भागाकार करा: पहिल्याला दर मिलिमीटर कापामागे साडेतीन ज्यूल मिळतात, दुसऱ्याला २.२, तिसऱ्याला १.८५, आणि त्यातूनही थोडे पाती उघडण्यात जातात. बरगड्यांच्या मधून फुफ्फुसात शिरायचं असेल तर १.८५ भरपूर होतात, रक्ताचा माग रुंद पडतो आणि हरीण लवकर सापडतं. खांद्याचं हाड आडवं आलं की साडेतीनवालाच बरा. कोलोरॅडोसारख्या राज्यांचे कायदे खालची मर्यादा बांधतात, पाऊण इंचाच्या वर, सात अष्टमांश इंच. वरची मर्यादा ज्याच्या त्याच्या अकलेवर. एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताल प्रांतात बाणांच्या भेदकतेचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, जाड हाड फोडायचं तर बाण ६५० ग्रेनच्या वर हवा आणि फाळ लांबट, अरुंद. माझं मत विचारलंत तर दुबळं धनुष्य ओढणाऱ्याने दोन इंची मेकॅनिकल घेणं म्हणजे स्कूटरच्या इंजिनाला ट्रॅक्टरचा नांगर जोडणं.

क्रॉसबोचं, म्हणजे बंदुकीसारखं धरायच्या आडव्या धनुष्याचं, प्रकरण वेगळं. विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये तिचा स्वतंत्र हंगाम सुरू केला आणि आता गराजागराजांत ती दिसते. तिचा बाण सेकंदाला ४०० फुटांनी सहज निघतो, आणि हा वेग तो जेमतेम चौदा इंचांच्या प्रवासात गाठतो. त्यातून त्वरण काढलं तेव्हा मी आकडा दोनदा तपासला: गुरुत्वाच्या २१०० पट. लढाऊ विमानाचा वैमानिक नऊ पटीला डोळ्यांपुढे अंधारी येऊन कासावीस होतो. त्या क्षणी तो साडेसहा ग्रॅमचा फाळ चौदा किलोंचा झालेला असतो, आणि त्याचं एक ग्रॅमचं मिटलेलं पातं दोन किलोंनी मागे ओढलं जात असतं. साध्या धनुष्यासाठी बनवलेल्या फाळाची, पाती मिटवून धरणारी रबरी कडी तिथे दगा देते, पाती हवेतच उघडतात आणि बाण भरकटतो. म्हणून क्रॉसबोचे मेकॅनिकल फाळ वेगळे, जास्त ताठ कडीचे येतात. पक्क्या पात्यांवर हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, २८० वरून ४०० म्हणजे दुप्पट. तेव्हा तिथे पाती आखूड हवीत. नेम एका अंशाने ढळला तरी तीस यार्डांवर बाण अर्धा मीटर बाजूला जातो.

आणि मारायची जागा केवढी? काळीज-फुफ्फुसांचा भाग, जेवणाच्या ताटाहून लहान, वीस सेंटिमीटरचा गोल. तीस यार्डांवरून कंपाउंडच्या बाणाला पोहोचायला ०.३२ सेकंद लागतात, पण प्रत्यंचेचा आवाज ०.०८ सेकंदातच हरणाच्या कानात. उरले ०.२४. दचकायला दशांश सेकंद द्या. राहिलेल्या ०.१४ सेकंदात हरणाने पळायला झेप घेण्याआधी पाय नुसते सैल सोडले, तरी गुरुत्वाच्या हिशोबाने त्याचं अंग जवळपास दहा सेंटिमीटर खाली येतं. म्हणजे मध्यावर धरलेला नेम बरोबर गोलाच्या कडेवर. चाळीस यार्डांवर ते चोवीस सेंटिमीटर उतरतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. क्रॉसबोला तीस यार्डांवर हीच घसरण एका सेंटिमीटरची. दोन इंची फाळाचा खरा ग्राहक या कडेवरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत तयार होतो.

हे सगळं चालतं ते हरणं अफाट म्हणून. अमेरिकेत १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली होती, आज अंदाज आहे तीन कोटींच्या घरातला. दरवर्षी साठेक लाख मारली जातात. या पुनरागमनात सरकारी तिजोरीचा वाटा शिकारीच्या सामानानेच भरला: १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुकांवर आधीपासून असलेला कर वन्यजीवांकडे वळवला, १९७२ मध्ये धनुर्विद्येचं सामान त्यात आलं, आणि आज प्रत्येक ब्रॉडहेडमागे उत्पादकाकडून ११ टक्के वन्यजीवांच्या खात्यात जातात. मारल्या गेलेल्या हरणांपैकी साधारण चौथा हिस्सा धनुष्य आणि क्रॉसबोचा, म्हणजे पंधरा लाख. एकेका हरणामागे एक फाळ धरून सगळं पोलाद गोळा केलं तर पावणेदहा टन होईल. एका ट्रकात मावेल.

नोव्हेंबरात शेजाऱ्याने मला पुन्हा गराजमध्ये बोलावलं. हरणाच्या आरपार जाऊन ओकच्या पाचोळ्यात रुतलेला बाण त्याने शोधून आणला होता. फाळ धुतला, पुसला, काट्यावर ठेवला. वहीत होते १००.२, काटा म्हणाला ९८.३. एक गुंजभर पोलाद कमी. एका पात्याच्या टोकाशी नखाएवढी खोक होती, तेवढा तुकडा बरगडीत राहिला असणार. त्याने नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहिला आणि हातातलं फडकं माझ्याकडे देऊन दुसरं पाकीट फोडलं.