ईदची भेट : घरासाठी की तिच्यासाठी?

रमजानचे शेवटचे दहा रोजे लागले की माजलगावच्या बाजारात इफ्तारनंतर गर्दी वाढू लागते. मुलांचे कपडे, शेवया, सुकामेवा, अत्तर असा खरेदीचा क्रम ठरलेला असतो. मुलांना ईदी मिळते, शेजारीपाजारी शीरखुर्मा जातो. यादीत शेवटी राहते ती पत्नी. विचारले तर तिचे उत्तरही ठरलेले : "मला काही नको, आधी पोरांचं बघा."

हिंदू घरांत दिवाळीच्या पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि पती ओवाळणी घालतो. ईदला पत्नीसाठी असा बांधलेला रिवाज नाही. पण एकमेकांना भेट द्यावी, त्याने प्रेम वाढते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. माणसाचा चांगुलपणा तो पत्नीशी कसा वागतो यावरून त्यांनी जोखला.

मग द्यायचे काय? मिक्सर, कुकर घराला लागतातच. पण मिक्सरमधले वाटण सगळे घर खाते. घराच्या गरजेवर तिचे नाव घालून ती भेट होत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचलही जोडीची मिळून असते. दोघांचे कष्ट एकाच नावात मोजले की तिची गरज वेगळी दिसत नाही. पुष्कळ घरांतही तेच घडते.

तिची गरज विचारून कळत नाही, पाहून कळते. सहेरीसाठी ती सगळ्यांच्या आधी उठते आणि दिवसभर ओट्याशी उभी असते. टाचा दुखत असतील तर मऊ तळव्याच्या चपला घ्याव्यात. चाळिशीनंतर कुरआन पठण करताना अक्षर पुसट दिसत असेल तर डोळे तपासून चष्मा आणि मोठ्या अक्षरांची प्रत द्यावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जरीच्या जड कपड्यापेक्षा चांगले सुती कापड अंगाला सुख देते. शिलाई करणारीच्या मशीनला मोटर बसवता येईल. लग्नामुळे शिक्षण सुटले असेल आणि तिची इच्छा असेल, तर १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन देणे, ही वर्षानुवर्षे पुरणारी भेट आहे. आणि हौसेने बांगड्याच घ्यायच्या असतील तर माप सव्वादोन की अडीच, एवढे तरी नवऱ्याला ठाऊक असावे!

एक गोष्ट मात्र भेटीत धरू नये, ती म्हणजे मेहर. निकाहात कबूल केलेली ही रक्कम पत्नीचा हक्क आहे आणि ती खुशीने द्यावी, असा आदेश कुरआनच्या सूरह निसामध्ये आहे. बाकी असेल तर ईदपूर्वी जरूर द्यावी. पण ती कर्जाची फेड आहे, ईदी नव्हे.

हेच पत्नीच्या बाजूनेही खरे आहे. उन्हात हातगाडी लावणाऱ्या नवऱ्याला नव्या कुर्त्याआधी मोठी छत्री लागते. थकवा लपवणाऱ्याला हट्टाने दवाखान्यात नेऊन साखर आणि रक्तदाब तपासून घेणे, हीही भेटच.

ज्यांच्या खिशाला यातले काहीच परवडत नाही, त्यांच्याकडेही देण्यासारखे आहे. प्रेषित (स.) घरकामात हातभार लावत, स्वतःची पादत्राणे स्वतः सांधत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. शेवटच्या दहा रात्री इबादतीच्या. पुरुष मशिदीत असतात. घरातल्या बाईची रात्र भांडी आणि सहेरीच्या तयारीत जाते. त्यातल्या दोन-तीन रात्री नवऱ्याने स्वयंपाकघर सांभाळले, तर तिला निवांत नमाज आणि दुआ करता येईल. "मला काही नको" म्हणणारी बाईही ही भेट नाकारणार नाही.