धातू न वितळवता जोडणारे वेल्डिंग

धातूचे दोन तुकडे जोडायचे, तर ते वितळवावे लागतात, अशी वेल्डिंगची रूढ कल्पना आहे. मात्र ॲल्युमिनियमचे काही बळकट मिश्रधातू वितळवले, तर थंड होताना जोडात भेगा वा सूक्ष्म छिद्रे पडतात. विमाने आणि अग्निबाण बांधणाऱ्यांपुढची ही जुनीच अडचण होती.

ब्रिटनमधील केंब्रिजजवळच्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’मध्ये वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्यावर उपाय शोधला. ‘फ्रिक्शन स्टर वेल्डिंग’ या पद्धतीत वेगाने फिरणारी कठीण पिन दोन पत्र्यांच्या सांध्यात रुतवून पुढे सरकवली जाते. घर्षणाने धातू मऊ होतो, पण वितळत नाही. पिन त्याला कणकेसारखे मळते आणि वरचा रुंद खांदा दाबून धरतो. ठिणग्या उडत नाहीत, वेल्डिंगची सळईही लागत नाही.

‘नासा’च्या ‘एसएलएस’ अग्निबाणाच्या ८.४ मीटर व्यासाच्या इंधनटाक्या अशाच जोडल्या जातात. मात्र पहिल्या अग्निबाणाच्या बांधणीत पिन बदलल्यानंतर जोड कमजोर निघाले आणि वेल्डिंग काही महिने थांबवावे लागले. तो अग्निबाण अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये झेपावला.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. पत्रे घट्ट जखडावे लागतात आणि पिन बाहेर काढताना सहसा शेवटी भोक उरते. शिवाय वरून नितळ दिसणारा जोड आतून अर्धवट असू शकतो. म्हणूनच अशा जोडांच्या अंतरंगाची ध्वनिलहरींनी तपासणी केली जाते.