तलाव वाचवायचा तर आधी त्याचा काठ वाचवा

जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की वर्षावासाची सुरुवात, आपली तरुण मंडळे वृक्षारोपण करतातच. गावचा तलाव हे त्यासाठी आवडते ठिकाण. तिथे जागा मोकळी असते, पाणी जवळ असते. हेतू चांगलाच आहे. पण तलावाकाठी काय लावावे, कुठे लावावे आणि कोणाला विचारून लावावे हे समजून घेतले नाही, तर मेहनत वाया जाते. कधी तलावाचे नुकसानही होते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांच्या उदाहरणातून आम्ही हे मांडत आहोत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत असे हजारो जुने तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य मोठे होते. नवेगावबांधचा तलाव त्याची साक्ष देतो. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची जुनी घडी मोडली. गाळ साचत गेला. काठावर बेशरम माजली. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि तोडलेल्या फांदीतूनही ती पुन्हा फुटते.

काठाचे काम काय? पावसाचे पाणी शेतातून येताना माती आणि खत घेऊन येते. वाटेत दाट गवत असेल तर पाण्याचा वेग कमी होतो आणि माती तिथेच बसते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून येतो, त्यामुळे माती अडली की बराचसा स्फुरदही अडतो. ओल्या जमिनीतील जीवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, उरलेले अन्न झाडांची मुळे घेतात. काठ उघडा असेल तर हे सगळे थेट तलावात जाते. शेवाळ माजते, पहाटे पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. त्याचा पहिला फटका बसतो तो मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांना.

म्हणून काठावर फक्त झाडांची रांग पुरत नाही, पट्टे लागतात. पहिला पट्टा पाण्याखालचा. त्यात हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पती येतात. मासे त्यांत अंडी घालतात, पिल्ले तिथेच लपतात. दुसरा उथळ पाण्यातला, त्यात कुमुदिनी आणि देवभात. तिसरा ओल्या काठाचा, तिथे लव्हाळा आणि वाळा. वाळ्याची मुळे खोल जाऊन माती घट्ट धरतात. चौथा वरचा कोरडा पट्टा, त्यात निर्गुडी, करंज, जांभूळ, अर्जुन. सुबाभूळ, गुलमोहर किंवा निलगिरी इथे नको. ही झाडे या मातीतली नाहीत.

आपल्या जवळचा एक मुद्दा स्पष्टच सांगतो. बोधिवृक्ष म्हणून पिंपळ लावायचा तर विहाराच्या आवारात, भिंतीपासून दूर लावा. तलावाच्या मातीच्या पाळीवर नवा पिंपळ लावू नका. मोठ्या झाडांची मुळे पाळीत पाण्याला वाट करून देतात आणि पाळ कमजोर होते.

हे केवळ पुस्तकी नाही. भंडारा-गोंदिया भागात ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी स्थानिक अभ्यासकांसोबत काही तलावांत हे काम केले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट काढायची, जमीन नांगरायची आणि पावसाळ्यात दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावायच्या, अशी ही पद्धत. कोणती वनस्पती कोणत्या खोलीत जगते आणि कोणता मासा कशावर जगतो, हे ज्ञान या समाजातील स्त्री-पुरुषांकडे आहे. त्यांना फक्त मजूर म्हणून बोलावू नका, नियोजनातच बसवा.

अडचणही मोठी आहे. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर काही जण गाळपेर करतात, तर काही ठिकाणी धनदांडग्यांचे कायमचे अतिक्रमण असते. दोघांना एकाच मापाने मोजू नका. भूमिहीन कुटुंबाशी बसून बोला, पट्टा कुठून कुठपर्यंत असेल ते ठरवा. अतिक्रमणाबाबत मात्र कागद काढा. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदी असतात. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गावतळी व सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले आहेत. त्याचा आधार घ्या. काठावरच्या वनस्पतींची नोंद ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्या.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क असल्याचे ठणकावून सांगितले. आज अनेक गावांत तलावच आक्रसत चालला आहे. तो राखणे हे त्याच हक्काचे पुढचे काम आहे.

येत्या उन्हाळ्यात प्रत्येक मंडळाने एक तलाव निवडावा. काठावरून फिरून काय उगवते ते लिहावे, मासेमारांशी बोलावे, नोंदी मिळवाव्यात. रोपे पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत. पुढची किमान तीन वर्षे दर उन्हाळ्यात बेशरमीचे नवे कोंब उपटावे लागतील. फोटो एका दिवसात निघतो, काठ उभा राहायला मात्र एवढी वर्षे द्यावी लागतात.