आधी अंघोळ, मग पावडर!

दसरा जवळ आला की आमच्या कसबा पेठेत घरोघरच्या गाड्या चकचकीत व्हायला लागतात. वाड्यांचे बोळ अरुंद, त्यामुळे बहुतेक गाड्या बाराही महिने उघड्यावर. वरून कबुतरं, बाजूने शिवाजी रस्त्याची धूळ आणि धूर! मग वर्षातून एकदा वॅक्सची डबी आणायची, खसाखसा चोळायची आणि झेंडूचा हार घालायचा. दोन दिवस गाडी चमकते. तिसऱ्या दिवशी उन्हात बघावं तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे! सगळे म्हणतात, "वॅक्सच भिकार निघालं." पण वॅक्स बिचारं निर्दोष असतं. जो काही घोटाळा होतो, तो वॅक्स लावण्याआधीच.

तो कसा, ते पाहू. आजकालच्या गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक दिसते ती या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही कमीच. आणि रस्त्यावरच्या धुळीत असतात क्वार्ट्झचे कण. मोह्सच्या श्रेणीवर त्यांचा कठीणपणा ७, म्हणजे खिडकीच्या काचेपेक्षाही जास्त. आता कोरड्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजे काय, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नकोच. चक्क पॉलिश पेपर! एकदा झिजलेला क्लिअर कोट वॅक्सने परत येत नाही. मग गाडी पुन्हा रंगवणं आलं आणि त्याचं बिल काय येतं, ते घरी विचारा.

आमच्या पेठेत तांबट आळी आहे. तांब्याची भांडी ठोकण्याचा तो आवाज आम्हाला लहानपणापासून पाठ. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कधी पाहिलंय? भांडं आधी घासून स्वच्छ करतात, तापवतात, नवसागर टाकतात आणि मग कथील फिरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यात काही अवघड नाही. खरं काम नवसागराचं, कारण तो धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो. तो थर राहिला तर कथलाचे गोळे होतात, भांड्याला धरत नाहीत. गाडीचंही तसंच. खालचा पृष्ठभाग स्वच्छ नसेल तर वरचा थर धरत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा. आधी नुसतं पाणी मारून सुटी धूळ वाहू द्या. मग दोन बादल्या घ्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शाम्पूत बुडवायचं, म्हणजे खडे पुन्हा रंगावर जात नाहीत. टपापासून खाली या. चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. कबुतरांची विष्ठा वाळली असेल तर नखाने खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, आपोआप सुटते.

गाडी धुऊन झाली म्हणजे संपलं? छे! हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि बोटं रंगावरून अलगद फिरवा. खरखर लागते ना? ते रंगात रुतून बसलेले ब्रेकच्या भुकटीचे लोखंडी कण, डांबराचे थेंब, झाडाचा चीक. यांच्यासाठी क्ले बार मिळतो, मळलेल्या कणकेसारखा गोळा. शाम्पूच्या पाण्याने रंग चांगला ओला करायचा आणि गोळा सरळ रेषेत, जोर न लावता फिरवायचा. मळला की घडी घालून नवी बाजू वर आणायची. गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या. त्यात खडे शिरलेले असतात!

यापुढची पायरी पॉलिशची. पॉलिश आणि वॅक्स एक नव्हे. पॉलिशमध्ये घासणारे कण असतात, ते क्लिअर कोट किंचित झिजवून ओरखडे कमी करतात. वॅक्स फक्त वर बसतं. म्हणून पॉलिश गरजेपुरतंच, तेही आधी छोट्या जागेवर करून बघून. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर त्याच्या नादी लागू नका. जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांना क्लिअर कोट नसतो, तिथे फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. घाबरू नका, पण हात आवरता घ्या.

पॉलिशचं तेल पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढलं की मगच वॅक्स. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा असो वा कृत्रिम, थर पातळच हवा. जाड लावलं तर जास्तीचं फडक्यावरच जातं.

तुम्ही म्हणाल, "हॉस्टेलवर कार कुणाकडे आहे?" अहो, पुण्यात गाडी म्हणजे दुचाकीच! टाकीलाही हेच नियम. फक्त मॅट रंगाच्या बाइकला पॉलिश-वॅक्स लावू नका, डाग पडून चकाकतात. बाकीच्यांनी आज संध्याकाळी टाकी धुऊन पिशवीतला हात फिरवून बघा. मेसमधून पिशवी फुकट मिळेल!