बीपी आहे, मग व्यायाम करायचा की नाही?

"तुला बीपी आहे ना, मग दमायचं नाही!" असं घरोघरी बजावलं जातं. डॉक्टर मात्र सांगतात, रोज चाला. माणूस गोंधळतो आणि शेवटी खुर्चीतच बसून राहतो.

तुमच्याही घरात असं कोणी असेल, तर आधी रक्तदाब नीट मोजा. जिना चढून आल्या आल्या किंवा चहा पिऊन लगेच घेतलेला आकडा धरायचा नाही. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजायचा. विश्रांतीत तो 180/110 च्या घरात असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, आधी दवाखाना. 160/100 च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारून हळू चालण्यापासून सुरुवात. त्याखाली असेल आणि दुसरा त्रास नसेल, तर बहुतेकांना चालायला हरकत नसते.

चालताना वरचा आकडा वाढतो, खालचा फारसा हलत नाही. हे स्वाभाविक आहे. व्यायामानंतर तर काही तास रक्तदाब उलट थोडा उतरलेला असतो.

खरा धोका आहे तो श्वास रोखून जोर लावण्यात. 1985 साली कॅनडातील संशोधकांनी वजन उचलणाऱ्या तरुणांच्या धमनीत नळी घालून दाब मोजला. पायांनी वजन ढकलताना एकाचा दाब 480/350 च्याही वर गेला होता! तेही धडधाकट माणसाचा. म्हणून जड वजनं, शीर्षासन, कुंभक यांच्या वाटेला जाऊ नका. पाण्याने भरलेली बादली किंवा गॅसची टाकी उचलणं हासुद्धा तोच प्रकार, पण ते व्यायामात कोणी धरत नाही. हलकी वजनं चालतील, उचलताना श्वास सोडायचा.

गोळ्यांचंही बघावं लागतं. काही गोळ्यांनी (उदा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल) नाडी फारशी वाढतच नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा फसवा ठरतो. त्यापेक्षा बोलून बघा. चालताना गप्पा मारता येतात, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. लघवीची गोळी चालू असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात फिरायला जाऊ नका, अंगातलं पाणी पटकन कमी होतं. आणि एकदम थांबू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते, म्हणून शेवटची पाच मिनिटं रमतगमत चाला.

छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, एका बाजूचा हात जड वाटणं, यातलं काहीही झालं तर "जरा पडतो, बरं वाटेल" म्हणायचं नाही. तिथेच बसायचं आणि सोबतच्याला 108 ला फोन लावायला सांगायचं.