हुद्दा नसलेला गणवेश

दुसऱ्या महायुद्धातील छायाचित्रे पाहताना एखादा माणूस गोंधळात टाकतो. अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश, पण हुद्द्याची खूण कुठेच नाही. हा युद्धवार्ताहर. दंडावर किंवा खांद्यावर 'वॉर करस्पाँडंट' लिहिलेली कापडी पट्टी, तीच त्याची ओळख. अमेरिकी वार्ताहरांच्या दंडावर आधी हिरवी फीत असे, तिच्यावर पांढरा 'सी'. लष्कराबरोबर जाणाऱ्या इतर मुलकी माणसांसाठी अमेरिकेने त्रिकोणी बिल्ला काढला. त्यात 'यूएस' एवढी दोनच अक्षरे.

आता हा खटाटोप कशासाठी? तर शत्रूच्या हाती सापडल्यावर हा माणूस कोण, हा प्रश्न येतो. सैनिक नाही, मग हेर समजून गोळी घालायची का? १९०७च्या हेग करारात वार्ताहर आणि सैन्याला माल पुरवणारे यांना युद्धकैद्याची वागणूक द्यावी असे ठरले. अट एकच, जवळ लष्कराचा दाखला हवा. १९४९च्या जिनिव्हा करारात कामगार तुकड्यांचाही स्पष्ट उल्लेख आला. म्हणजे खरा आधार खिशातल्या ओळखपत्राचा. बिल्ला आपला चारचौघांत ओळखू येण्यासाठी. लांबून बंदूक रोखणाऱ्याला तो कुठला दिसायला!

शिवाय, कैदी झाले म्हणजे जीव वाचला असेही नाही. प्रशांत महासागरातील वेक बेटावर अमेरिकी नौदलाचा तळ बांधायला अकराशेच्या वर मुलकी कामगार होते. डिसेंबर १९४१मध्ये जपान्यांनी हल्ला केला, तेव्हा त्यांतले कित्येक तोफांवर मदतीला धावले. २३ डिसेंबरला बेट पडले. बहुतेकांना पुढे छावण्यांत नेले, पण ९८ जणांना कामासाठी तिथेच ठेवले आणि ऑक्टोबर १९४३मध्ये सगळ्यांना ठार केले. हुकूम देणाऱ्या जपानी अधिकाऱ्याला १९४७ साली फाशी झाली. कोणताही बिल्ला या ९८ जणांना वाचवू शकला असता, असे मला वाटत नाही.

मुलकी कामगाराने शस्त्र उचलले तर शत्रू त्याला सैनिक मानणार नाही, ही अडचण अमेरिकी नौदलाने ओळखली होती. १९४२च्या आरंभी त्यांनी गवंडी, सुतार, यंत्रचालक यांनाच रीतसर भरती करून घेतले. या 'सीबीज' पलटणींची खूण म्हणजे चिडलेली मधमाशी, हातांत बंदूक, पाना आणि हातोडा. गंमत म्हणजे, ते चित्र काढणारा फ्रँक इयाफ्राते तेव्हा नौदलाच्या तळावर मुलकी कारकून होता.